टॅब्लेटला घरभर वाय-फाय हवे असेल तर: रिपीटर, मेश की केबल?

सोलापूरच्या जुन्या पेठांतील जाड दगडी भिंतींची माळवदी घरे आणि जुळे सोलापूरमधील फ्लॅट यांना एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून खरेदीआधी सिग्नल मोजावा. टॅब्लेटवरील रेघा प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने दाखवते; खरा आकडा डीबीएमचा, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककाचा; तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. अँड्रॉइडवर तो वाय-फाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये दिसतो, तर आयपॅडवर अ‍ॅपलच्या एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅपमधील स्कॅनर सुरू केल्यावर. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ८० ला साधे पानही रखडते. १० डेसिबलची घट म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर येणे.

फ्लॅटमध्ये बहुधा खर्च करावा लागत नाही. लोखंडी कपाटामागचा किंवा टीव्हीमागचा राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणावा. राउटर सहसा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, चालतो: जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ अधिक टिकते, मात्र तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. चार अँटेनांचा ‘दमदार’ राउटर घेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण टॅब्लेटलाही उलट उत्तर पाठवावे लागते आणि त्याची प्रक्षेपणशक्ती राउटर बदलल्याने वाढत नाही.

दगडी घरात खरी निवड तीन पर्यायांत आहे. रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, सर्वांत स्वस्त. पण एकाच बँडवर ऐकून पुन्हा बोलायचे असल्याने वेग साधारण निम्मा होतो. शिवाय सिग्नल नसलेल्या खोलीतच तो लावण्याची चूक सर्रास होते. त्याची जागा अलीकडे, सिग्नल चांगला असेल तिथे. मेशमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक वाय-फाय संचांच्या जाळ्यात, घरभर नेटवर्कचे एकच नाव राहते, व्यवस्था सुटसुटीत असते, परंतु तिचे संच एकमेकांशी बिनतारी बोलत असतील तर त्यांनाही तीच भिंत आडवी येते. एवढे पैसे मोजून भिंत तशीच राहणार असेल, तर मला तो व्यवहार पटत नाही.

केबल ओढून भिंतीपलीकडे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले इंटरनेट वाय-फायने देणारे यंत्र) बसवणे दिसायला ओबडधोबड, पण दगडी घरासाठी तोच पर्याय मी निवडेन. कॅट ६ ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते. ती माळवदावरून न्यायची असेल तर उन्हात टिकणाऱ्या आवरणाचीच घ्यावी. इथला पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो: त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदलावा, डीएचसीपी (उपकरणांना असे पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करावे आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावावी. वीज गेल्यावरही जोडणी हवी असल्यास दोन्ही ठिकाणी छोटा यूपीएस लागेल.

दोन्हीकडे नाव व पासवर्ड सारखेच ठेवले, तरी कोणत्या पॉइंटला धरून राहायचे हे टॅब्लेटच ठरवतो. आयपॅड साधारण उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा पॉइंट शोधू लागतो. दोन पॉइंट फार जवळ असतील तर तो दूरच्यालाच चिकटून राहू शकतो. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमधून प्रक्षेपणशक्ती थोडी कमी करून पाहावी.