जर्मनीतलं खातं: शाखेची बँक घ्यावी की मोबाईलवरची?

ऑक्टोबरचं सेमिस्टर जवळ आलं की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणीतरी फाइल बगलेत मारून येतंच. मुलाचं कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, शिक्षण झालेलं असतं, तिकडचं प्रवेशपत्र आलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला: "काकू, खातं कुठं उघडायचं?" माझा मुलगा बर्लिनला होता, पुतणी अजून थुरिंगियातल्या एका लहान गावात आहे. त्याने मोबाईलवरची बँक घेतली, तिने शाखेची. म्हणून लोक मलाच विचारतात.

आधी एक घोळ निस्तरू. खाती दोन असतात. पहिलं ब्लॉक्ड अकाउंट, ते व्हिसासाठी इथूनच उघडायचं. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो त्यात दाखवावे लागतात आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ सुटतात. (आकडा बदलत असतो, अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहा.) ही रक्कम दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या पैशावर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर कापत नाही. कापलेला टीसीएस रिटर्नमध्ये वळता होतो, तेव्हा त्यापायी झोप उडवू नका. ब्लॉक्ड खात्यांच्या कंपन्यांत फरक फारसा नाही. शुल्क बघा आणि एक निवडून मोकळे व्हा.

डोकं खर्च करायचं ते दुसऱ्या खात्यावर. तिकडे त्याला झिरोकोंटो म्हणतात, बॅलन्स झिरो असतो म्हणून नव्हे! घरभाडं, पगार, मोबाईलचं बिल सगळं यातून. ९९२ युरोही यातच येऊन पडतात, म्हणजे हे खातं नाही तोवर स्वतःचे पैसे काचेआड.

पहिल्या महिन्यात मोबाईलची बँक सरस. शाखावाले बहुधा पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. ती नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, त्यासाठी घरमालकाची सही लागते आणि मोठ्या शहरात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. मोबाईलवाल्या काही बँकांना कार्ड पोचेल असा पत्ता पुरतो. एक मेख मात्र आहे. व्हिडिओवरून होणारी ओळखतपासणी भारतीय पासपोर्टवर सगळीकडे चालत नाही, मग पोस्टात जाऊन ओळख पटवावी लागते. शिवाय पत्रपेटीवर आपलं नाव हवं. मुलाचं कार्ड पेटीवर नाव नाही म्हणून एकदा परत गेलं. शेवटी त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवलं.

रोजच्या वापरात पारडं हळूहळू फिरतं. बेकरीत, लहान दुकानात "फक्त रोख किंवा जिरोकार्ड" अशी पाटी अजून दिसते. जिरोकार्ड म्हणजे तिथलं देशी डेबिट कार्ड, आपल्या रुपेसारखं. शाखेच्या बँकेत ते सहसा मिळतंच, मोबाईलवाल्यांकडे बहुधा परदेशी कंपनीचं डेबिट कार्ड असतं आणि एटीएममधून फुकट पैसे काढण्यावर मर्यादा.

आणि काही अडलं, की खरा फरक कळतो. मुलाच्या रेसिडन्स परमिटची मुदत संपली. नवं कार्ड यायचं होतं, मधल्या काळाचा सरकारी कागद हातात होता, पण ॲपमध्ये तो कागद चढवायची जागाच नव्हती. खातं गोठलं. महिनाअखेर, भाडं तोंडावर, चॅटवर तीच तीच उत्तरं. अकरा दिवस तो मित्राच्या पैशांवर जगला. पुतणीवर हीच वेळ आली तेव्हा ती पासपोर्ट आणि तो कागद घेऊन शाखेत गेली, काउंटरवरच्या बाईंनी झेरॉक्स काढली, संपलं. तुटक जर्मनीत बोलताना घाम फुटला म्हणाली, पण काम झालं.

शाखेच्या बँकेलाही खोडी आहेत. श्पारकासे नावाची लाल पाटी गावोगावी दिसते, पण ती एक बँक नाही. तीनशेहून जास्त स्वतंत्र बँका आहेत. नोकरीसाठी शहर बदललं की खात्याचा गुंता. विद्यार्थी असेतो बऱ्याच ठिकाणी शुल्क माफ, नंतर दरमहा कापतात. पैशाच्या सुरक्षिततेत दोन्हीकडे फरक नाही, जर्मन परवान्याच्या बँकेत एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याचं संरक्षण असतं. कुणी खातं नाकारलंच तर 'बाझिसकोंटो' हा शब्द पाठ करून जा. कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही मूलभूत खातं मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे.

तेव्हा माझं मत. बर्लिन, म्युनिकसारख्या ठिकाणी राहायचा पक्का पत्ता नसेल तर मोबाईलने सुरुवात करा, पण परमिटच्या नूतनीकरणाआधी शाखेत दुसरं खातं उघडा. लहान गावात वसतिगृह ठरलेलं असेल तर सरळ शाखा. दोन्हीकडे पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च फॉरेक्स कार्डवर आणि थोडा रोख ठेवा.

इथलं बचत खातं तसंच सोडून जाऊ नका, नियमाने ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्यायचं असतं. सयाजीरावांनी १९०८ साली काढलेल्या बँक ऑफ बडोदात असलं तरी! आणि त्याला जोडलेलं सिम चालू ठेवा. आमच्याकडे ते सिम माझ्या फोनमध्ये होतं. रात्री साडेअकराला "आई, ओटीपी, लवकर" असा मेसेज यायचा, तिकडे जेमतेम संध्याकाळ. मी चष्मा शोधेपर्यंत ओटीपी बाद. रोमिंग घालून सिम त्याच्याकडेच दिलं असतं तर दोघांचीही चिडचिड वाचली असती.

भारतात परतायचं असेल तर तिकडचं खातं घाईने बंद करू नका. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं आणि मालक हिशेब करून ते काही महिन्यांनी परत करतो. मुलगा खातं बंद करूनच विमानात बसला. त्याचे पैसे शेवटी पुतणीच्या खात्यात आले, आणि त्यातून तिने आधी त्याच्याकडची जुनी उधारी कापून घेतली.