बॅकग्राउंड आधी, शेवटी की सोबतच?

तैलरंगात स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, शिकताना सगळा जीव सुरईत आणि फळांत अडकलेला असतो. मागची जागा ‘नंतर बघू’ म्हणून पांढरीच राहते. चार दिवसांनी तिथे गडद तपकिरी लावला, की छान जमलेलं सफरचंद एकदम पिठूळ दिसायला लागतं. पांढऱ्या कॅनव्हासशेजारी प्रत्येक रंग असतो त्याहून गडद भासतो, म्हणून आपण तो नकळत फिका लावलेला असतो. बॅकग्राउंड शेवटी ठेवण्याचा हा पहिला तोटा. दुसरा असा, की वाळलेल्या कडेभोवती ब्रश जपून फिरवावा लागतो आणि वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. तरी बॅकग्राउंड शेवटी ठेवण्याची ही सवय मोडायला सगळ्यात चिवट.

बॅकग्राउंड आधी लावून वाळू दिलं, तर वरचे रंग स्वच्छ राहतात. काचेचा पेला किंवा बारीक देठ असेल, तर मी हाच मार्ग घेईन. पेल्यातून मागचं दिसतं, ते आधीच तयार असतं. फक्त हा थर पातळ, कमी तेलाचा हवा. त्यात आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग नको, तो फार सावकाश वाळतो आणि त्यावर लवकर वाळणारा थर चढवला तर पुढे तडे जाऊ शकतात. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिळून पुरेसा काळोख होतो, शिवाय अंबर लवकर वाळतो.

बाकी बहुतेक चित्रांना दोन्ही सोबत रंगवणंच बरं. डोळे बारीक करून मातीच्या मडक्याकडे बघा: सावलीकडची कड मागच्या अंधारात विरलेली असते, उजेडाकडची ठळक. रंग ओले असताना सावलीच्या कडेवरून कोरडा, मऊ ब्रश एकदाच ओढला की ती कड विरते. एकदाच! तिसऱ्यांदा ओढलात की चिखल. बॅकग्राउंडसाठी ब्रशही वेगळा ठेवा. आणि ते एकाच छटेचं नको; मडक्याच्या उजळ बाजूला थोडं गडद, सावलीच्या बाजूला थोडं उजळ ठेवलं तर गोलाई आपोआप येते.

आता गडद की फिकं? स्पॅनिश चित्रकार सान्चेझ कोतानने 1602 च्या सुमारास फळं-भाज्या काळ्या खिडकीत टांगल्या, तर जवळपास त्याच काळात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने फळांची टोपली फिक्या पिवळसर भिंतीपुढे ठेवली. गडद बॅकग्राउंड नवशिक्याच्या चुका पोटात घालतं, पण वाळल्यावर जागोजागी निस्तेज चट्टे पडतात. तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून उरलेलं तेल टिपून घ्यावं लागतं. फिक्यात ड्रॉइंगची प्रत्येक चूक उघडी पडते. विसाव्या शतकातला इटालियन चित्रकार मोरांदी याच्यासारखं वस्तू आणि भिंत जवळजवळ एकाच टोनमध्ये, म्हणजे सारख्याच उजळ-गडदपणात ठेवणं दिसायला सोपं, पण त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

पहिली चार-पाच चित्रं मधल्या टोनच्या करड्यावर, सोबतच रंगवा. काचेला हात लावाल तेव्हा बॅकग्राउंड आधी.