रेडिएटर बदलला म्हणाले, बदललाच नव्हता: साताऱ्यातला माझा अनुभव

साडेबारा हजार रुपये मोजून मी माझ्याच गाडीचा जुना रेडिएटर काळा रंग मारून परत आणला. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर त्याच गॅरेजने मला आणखी २६ हजारांचं काम सांगितलं होतं आणि मी होकार देण्याच्या बेतात होते. साताऱ्यात जुन्या गाड्या वापरणारे पुष्कळ आहेत आणि बोनेटखालचं आपल्याला फारसं कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

मी कोरेगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. साताऱ्याहून रोज गाडीने ये-जा करते. गाडी पेट्रोलची, २०१४ सालची. मे महिन्यात आम्ही पुण्याहून परत येत होतो, सासूबाई सोबत होत्या, एसी चालू होता. पारगाव-खंडाळा सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, कसाबसा घाट उतरून वेळ्यापाशी गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली रिकामी. मी रेडिएटरच्या कॅपला हात घालणार तोच शेजारी थांबलेला टँकरवाला ओरडला, "आवो ताई, हात नका लावू!" त्या माणसाचे उपकार आहेत. कॅपमुळे आत दाब टिकतो, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना कॅप सोडली की दाब एकदम सुटतो आणि तेच पाणी तोंडावर उडतं. पाऊण तास थांबून, इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं आणि सावकाश घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या नाकाखाली हिरवट, बोटाला बुळबुळीत लागणारं थारोळं होतं. समोरच्या बाजूला गळतंय म्हणजे रेडिएटरच, असं मला वाटलं. हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली आणि उतरल्या उतरल्या मीच म्हणाले, "रेडिएटर गळतोय वाटतं." माझी पहिली चूक तिथेच झाली. मालकाने टॉर्चही लावला नाही. म्हणाला, "व्हय म्याडम, रेडिएटर गेलाय. आणि ह्या गाड्यांना रेडिएटर गेला की वॉटर पंप मागोमाग जातोय. दोन्ही एकदम टाकून घ्या, मजुरी वाचंल." रेडिएटर ६,८००, वॉटर पंप २,९००, कूलंट ९००, मजुरी १,९००. दोन दिवसांनी गाडी मिळाली. बोनेट उघडून दाखवलं तर रेडिएटर काळाभोर, चकचकीत. पैसे मी यूपीआयने दिले. पावती मागितली तर वहीतला कागद फाडून दिला. त्यावर "रेडिएटर काम, पंप काम" एवढंच. ‘नवीन’ हा शब्द कुठेच नव्हता, पार्टचा नंबर नव्हता, जीएसटी नव्हता. जुने पार्ट मागायचं मला सुचलंही नाही.

नऊ दिवस एक थेंब पडला नाही. दहाव्या दिवशी पुन्हा थारोळं, या वेळी तपकिरी झाक असलेलं.

परत गेले. मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. दहा मिनिटांनी पोरगा बोलवायला आला. मालकाने इंजिनाच्या डोक्याकडच्या सांध्यावर बोट ठेवलं, तिथे ओल होती. "हेड गॅस्केट गेलंय म्याडम. गाडी घाटात हिट झाली तवाच उडालंय. इंजिन खोलून हेड फेसिंगला द्यावं लागंल. २६ हजार धरा. असंच चालवलं तर इंजिन बसंल, मग लाखाच्या घरात जाईल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं डोकं आणि खालचा भाग यांच्या सांध्यातलं पॅकिंग. माझ्या पोटात गोळाच आला. घरच्यांना दाखवावं म्हणून मी त्या ओलीचा फोटो काढला. "उद्या सांगते" म्हणून गाडी घेऊन निघाले. जाताना तो दोनदा म्हणाला, "आजच ठेवून जावा, रिस्क घेऊ नका." कामाची घाई मला असायला हवी होती, त्याला एवढी का, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

आमच्या शेजारी राहणारे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर बसची इंजिनं उघडली त्यांनी. संध्याकाळी त्यांना फोटो दाखवला. चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "बाई, तुमच्या गाडीत कूलंट कुठल्या रंगाचं?" मी म्हणाले, हिरवं, आता जरा तपकिरी. "मग हे पांढरं पाणी कुठनं आलं?"

मी फोटो पुन्हा बघितला. ओल स्वच्छ, बिनरंगाची होती. शिवाय सांध्याच्या वरच्या धुळीवर ओघळ उमटले होते, म्हणजे पाणी वरून खाली आलं होतं. सांध्यातून गळलं असतं तर ओघळ सांध्यापासून खाली सुरू झाले असते. मी चहा पीत असताना तिथे कुणीतरी पाणी ओतलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा याचा राग जास्त होता, की मी विश्वासाने आत बसले होते.

काकांनी रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठे अंथरायला सांगितले आणि पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखून ठेवायला लावल्या. म्हणाले, आधी काय गळतंय ते रंगावरनं आणि वासावरनं ठरवायचं. गोडसर वासाचं, बुळबुळीत ते कूलंट. काळपट तेल असेल तर इंजिन ऑईल. शेजारच्या सीटच्या पायांखाली, बाहेरच्या बाजूला नुसतं पाणी ठिबकत असेल तर ते एसीचं, त्याला कुणी "लिकेज" म्हणून पैसे मागितले तर तिथूनच परत फिरायचं. फिकट पिवळसर तेलकट थेंब चाकाच्या आतल्या बाजूला पडत असेल तर तो ब्रेकचा असू शकतो, आणि मग गाडी जागची हलवायची नाही. कूलंटच्या थारोळ्याजवळ कुत्री-मांजरं येऊ द्यायची नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. चव गोड आणि विषारी, जनावर चाटतं आणि मरतं.

सकाळी गार गाडी त्यांच्या शिष्याच्या करंजे भागातल्या छोट्या गॅरेजात नेली. त्याने रेडिएटरची कॅप काढून त्या जागी काटा असलेला हातपंप बसवला. कॅपवर ०.९ लिहिलेलं होतं, तेवढाच दाब भरला. "आता बघत बसा, काटा उतरला तर कुठंतरी बाहेर येतंय," म्हणाला. पाच मिनिटांत काटा ०.६ वर आला. रेडिएटर कोरडा. आधीच्या गॅरेजचा मालक ज्या सांध्यावर बोट ठेवत होता तो सांधाही कोरडा. काका म्हणाले, "माग वरनं काढायचा, खालनं न्हाई. थेंब पडतो तिथं गळती नसती." टॉर्च आणि आरसा लावून शोधलं तर इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या होज पाईपच्या टोकाशी हिरवट-पांढरा खार जमलेला आणि त्याखाली थेंब. क्लिप सैल पडली होती आणि पाईपचं टोक तडकलं होतं. तिथून कूलंट गिअरबॉक्सवर ओघळून पुढे येत होतं. आमच्या पार्किंगला गेटकडे उतार आहे आणि गाडी मी नेहमी नाक उताराकडे करून लावते. म्हणून थारोळं रेडिएटरखाली. गाडी सपाट जागेवर उभी केली असती तर मागेच पडलं असतं.

पाईप आणि क्लिप मिळून ४२० रुपये. मजुरी ३००.

हेड गॅस्केटचंही त्याने माझ्यासमोर तपासलं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही, डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवरचं, ऑईल दुधाळ नाही, इंजिन चालू ठेवल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत. नुसत्या ऑईलच्या झाकणाखाली थोडी दुधाळ साय दिसली तर घाबरू नका, थोड्या थोड्या अंतराला गाडी वापरली की बाष्पानेही ती येते. या एका खुणेवर कुणी इंजिन खोलायला सांगत असेल तर बाकीच्या खुणा दाखवायला सांगा.

मग त्याने आधीच्या गॅरेजने नवीन म्हणून बसवलेल्या रेडिएटरकडे बघितलं आणि गप्प झाला. जाळीत हायवेवरचे चिलट अडकून वाळलेले. वरच्या बोल्टांवर गंज तसाच, पान्याचा एकही ओरखडा नाही. काळा स्प्रे शेजारच्या पाईपवरही उडालेला. प्लास्टिकच्या टाकीवरचा रंग नखाने खरवडला तर एक छोटा गोल, त्यात बाण आणि "१४" आकडा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर असा तयार झाल्याच्या वर्षाचा शिक्का असतो. कंपनीतून आला तोच रेडिएटर. वॉटर पंपच्या बोल्टांवर कारखान्यात मारलेल्या पिवळ्या खुणासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. आणि नऊ दिवस गळती का थांबली याचं उत्तर रेडिएटरमधून निघालेल्या पाण्यात होतं. तपकिरी, खाली बारीक गाळ. लिकेज बंद करायची पावडर टाकली होती. ती भेगेत जाऊन बसते तशी रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. दोनदा पाण्याने धुऊन नवं कूलंट भरावं लागलं, त्याचे १,४०० रुपये वेगळे.

फोटो घेऊन मी, हे आणि काका त्या गॅरेजवर गेलो. आधी "तुमचा गैरसमज झालाय ताई". मग "पोरानं चूक केली असंल". जुने पार्ट कुठे आहेत विचारलं तर भंगारात गेले म्हणाला. शेवटी ३,००० रुपये पुढे केले, पण ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्या म्हणाला. मी पैसे घेतले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या कागदावर सही करू नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. तिथून काही झालं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अर्जाला मी यूपीआयची नोंद, वहीतला तो कागद, पाण्याच्या ओघळाचा फोटो आणि करंजेच्या मेकॅनिकने लिहून दिलेला अहवाल जोडलाय. पैसे मालकाच्या स्वतःच्या नंबरवर गेलेत, गॅरेजच्या नावाने नाही, म्हणून ते पैसे कोणत्या कामाचे हे सिद्ध करायला त्या फाटक्या कागदाचाच आधार आहे. तो मी लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय.

तुम्ही गाडी कुठेही दाखवा, पण पार्ट बदलायला हो म्हणायच्या आधी गळतीची जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दाबाचा पंप लावायला सांगा आणि त्या पाच मिनिटांत जागेवरून हलू नका, चहाला तर अजिबात जाऊ नका. गॅरेजवाल्याला ‘अमुक गेलंय वाटतं’ असं आपण सांगायचं नाही, ‘इथे इतकं थारोळं पडतं’ एवढंच सांगायचं. काम द्यायच्या आधी जुन्या पार्टचा फोटो काढा आणि काढलेला जुना पार्ट तुमच्या डिकीत ठेवायला सांगा. चांगले मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाहीत. करंजेच्या पोराने तडकलेला पाईप न मागता माझ्या हातात दिला.

गाडी आता रोज कोरेगावला जाते, काटा मध्यावर असतो. रेडिएटर तोच आहे, कारण त्याला काही झालंच नव्हतं. रंग खरवडलेली जागा मी तशीच ठेवलीय. आयोगाने गाडी बघायला मागितली तर तो "१४" दिसायला हवा.