आठ महिन्यांनंतर: मेटलसाठी घेतलेला हेडफोन आणि त्याचे इअरपॅड

मागच्या नोव्हेंबरात, घरी बसून हेवी मेटल ऐकण्यासाठी म्हणून, मी ३,१०० रुपयांचा वायरवाला, बंद कपांचा हेडफोन घेतला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, "अगं, तुझ्या कानामागे काळं काय लागलंय?" आरशात पाहिले तर कानाच्या पाळीमागे आणि गालावर जळलेल्या कागदासारखे बारीक पापुद्रे चिकटलेले होते. उशीच्या अभ्र्यावरही तेच. इअरपॅडवरचे रेक्झिन सुटू लागले होते आणि बोटाने हलकेच घासले तरी आणखी निघत होते. त्यानंतर महिनाभर जे झाले त्यामुळे या हेडफोनविषयीचे माझे मत दोनदा बदलले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक बंद हेडफोनांवर याच जातीचे रेक्झिन असते.

बंद कपांचाच का घेतला, ते थोडक्यात सांगते. आमचे पुण्यातले घर दोन खोल्यांचे आहे आणि आई साडेनऊला झोपते. मित्राकडचा फिलिप्सचा एसएचपी ९५०० मी आठवडाभर वापरून पाहिला होता. तो उघड्या कपांचा असल्यामुळे गिटारी डाव्या-उजव्या बाजूला मोकळ्या पसरतात आणि तो अनुभव खरोखर सुंदर आहे, पण ड्रम पलीकडच्या खोलीत ऐकू जातात. ब्लूटूथचा विचार केला नाही, कारण त्याच पैशांत बॅटरी, चिप आणि माइक बसवायचा म्हटले की ध्वनीच्या वाट्याला कमी उरते आणि घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला वायरची अडचण होत नाही.

मेटल ऐकणाऱ्याला हेडफोनकडून काय हवे असते, याबद्दल दुकानांत सर्रास चुकीचे सांगितले जाते. 'बास भरपूर आहे' असे म्हणून जे हेडफोन पुढे केले जातात, त्यांत खालचे आणि वरचे सूर फुगवलेले आणि मधले दाबलेले असतात. मुद्दाम आवाज फाटका (डिस्टॉर्शन) केलेल्या इलेक्ट्रिक गिटारीचा जीव तर मधल्या पट्टीतच असतो, त्यामुळे अशा हेडफोनवर ती भिंतीपलीकडून ऐकल्यासारखी वाटते. दुसरी गोष्ट वेगाची आहे. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत, प्रत्येक मात्रेचे चार भाग करून (सोळाव्या मात्रांनी), दोन्ही पायांनी डबल बास ड्रम वाजतो तेव्हा सेकंदाला तेराहून अधिक ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. फुगवलेला बास एवढ्या वेळात विरत नाही आणि ठोक्यांची सलग घरघर होते. त्यात मेटलमध्ये तारा सैल करून सूर उतरवण्याची जुनी रीत आहे. कारखान्यातल्या अपघातात बोटांची टोके गमावलेल्या गिटारवादक टोनी आयोमीने १९७१ पर्यंत आपल्या ब्लॅक सॅबथ या बँडची गिटार तीन अर्धस्वर खाली आणली होती. गिटारीची सर्वांत जाड तार नेहमीच्या सुरात ८२ हर्ट्झवर असते, तर सात तारांच्या गिटारीची ६२ च्या आसपास पोहोचते. तिथे बास गिटार, ड्रम आणि गिटार एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात आणि त्यांना वेगळे ठेवणे हेच हेडफोनचे काम असते.

माझ्या हेडफोनचा मधला भाग पहिल्या दिवसापासून चांगला होता. मात्र पहिले दोन महिने माझी ठाम तक्रार होती की याला बासच नाही. डिसेंबरात मी एका मैत्रिणीला 'घेऊ नकोस' असे स्पष्ट सांगितलेही होते, आणि ते चुकीचे होते हे इथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. जानेवारीतल्या एका रात्री डोळे दुखत होते म्हणून मी चष्मा काढून ठेवला आणि तोच ट्रॅक पुढे चालू ठेवला. क्षणात खालचा मजला बांधून झाल्यासारखा बास उभा राहिला. चष्मा घातला, तो नाहीसा झाला. पुन्हा काढला, पुन्हा आला. बंद हेडफोनमध्ये पॅड, कान आणि कप मिळून हवेची एक छोटी डबी तयार होते, आणि तिला फट पडली की सर्वांत आधी खालच्या सुरांचा दाब निसटतो. चष्म्याच्या काड्या नेमकी तीच फट पाडत होत्या. चष्मा लावणाऱ्यांनी हेडफोनला नावे ठेवण्याआधी हे एकदा करून पाहावे.

पारख कशावर करावी, हेही सांगते, कारण चुकीच्या ध्वनिमुद्रणावरून हेडफोन नाकारला जातो. मेटालिका या बँडच्या १९८८ सालच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममध्ये बास गिटार मिश्रणातच जवळजवळ पुरलेली आहे आणि कितीही महागडा हेडफोन ती उकरून काढणार नाही. त्यांच्याच २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज इतका चढवलेला आहे की ध्वनिलहरींची टोके कापली गेली आहेत, तिथे ऐकू येणारी फाटकी करकर हेडफोनची नसते. मी स्वतः आयर्न मेडन हा बँड लावते. १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचा जागतिक दौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला, तेव्हा मी त्या गर्दीत होते. त्यांचा बासवादक स्टीव्ह हॅरिस बास बोटांनी वाजवतो. तीन गिटारींच्या खालून त्याची घोडदौडीसारखी लय टापेला टाप मोजता येईल इतकी वेगळी ऐकू आली, की हेडफोन माझ्या परीक्षेत पास होतो. चष्मा काढलेल्या अवस्थेत हा पास झाला होता.

पॅड सुटू लागले तेव्हा वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते. बिल, खोका आणि हेडफोन घेऊन मी सेवा केंद्रात गेले. खिडकीतल्या मुलाने पॅड पाहिले, हातही लावला नाही आणि म्हणाला, "ताई, हे कन्झ्युमेबलमध्ये येतं, वॉरंटीत नाही." मी विचारले, "मग विकत द्या, मी पैसे देते." त्यावर उत्तर आले की सुटे पॅड कंपनी पाठवतच नाही. मला राग आला तो याच वाक्याचा. झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटीतून वगळायची आणि बदलण्यासाठी ती उपलब्धही ठेवायची नाही, याचा अर्थ ७० ग्रॅम फोम आणि रेक्झिनासाठी ग्राहकाने चालू अवस्थेतला हेडफोन टाकून द्यावा असा होतो. पुण्याचा पावसाळा, घाम आणि केसांचे तेल यांपुढे रेक्झिनवरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर टिकत नाही. दमट हवेत त्याचे थर सुटतात, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतेच. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, आणि अजून उत्तर आलेले नाही.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथे त्याला पॅड नव्हे, कुशन म्हणतात. दुकानदाराने जुने पॅड हातात फिरवून माप घेतले आणि मखमली कापडाची जोडी काढली. "मॅडम, हे सोलणार नाही, दहा वर्षं बघायला नको." ४५० रुपये दिले. बसवण्याची रीत माहीत नसेल तर हात दुखतात: पॅडच्या मागे कापडाची एक ओठासारखी पट्टी असते, ती कपाच्या खाचेत एका टोकाकडून सरकवत न्यायची आणि शेवटची दोन इंचांची बाजू जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आत ढकलायची. पहिल्या जोडीला मला वीस मिनिटे लागली.

मखमल कानाला अत्यंत सुखद होती, आणि तिने आवाज बिघडवला. विणीतून हवा जाते, त्यामुळे बास पुन्हा पातळ झाला. शिवाय पॅड जाड असल्याने कान ड्रायव्हरपासून (कपातल्या आवाज काढणाऱ्या भागापासून) दूर गेला आणि झांजा टोचू लागल्या. हेडफोन तोच, ड्रायव्हर तोच, गाणेही तेच, पण ऐकू येणारी वस्तू वेगळी. तोवर मी पॅडला आरामाची बाब समजत होते. आता माझे मत असे आहे की स्वस्त बंद हेडफोनचा निम्मा आवाज पॅडमध्ये असतो आणि विकणारे त्याबद्दल एक अक्षरही छापत नाहीत.

तिसरी जोडी ऑनलाइन मागवली, ७२० रुपयांना: बाहेरून रेक्झिन, आत मेमरी फोम, आणि जाडी जुन्या पॅडइतकीच, ती मी मोजपट्टीने मोजून घेतली. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि पाचेक मिनिटांत चष्म्याच्या काडीभोवती बसतो. चष्म्यासकट हॅरिसची घोडदौड मला पहिल्यांदा ऐकू आली ती या जोडीवर. आणखी एक फायदा मी धरला नव्हता. पूर्वी बास शोधण्यासाठी मी लॅपटॉपचा आवाज ५५ पर्यंत नेत असे, आता ४० वर पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतची मर्यादा सांगते. रोज रात्री दीड-दोन तास मेटल ऐकणाऱ्या माणसाच्या कानांसाठी ही बचत लहान नाही.

हेडफोन आता मला ४,२७० रुपयांना पडला आहे, त्यातले मखमलीचे ४५० माझ्या अज्ञानाचे. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, मात्र मागवण्याआधी त्याच्या मापाचे पॅड बाजारात मिळतात का ते पाहीन आणि एक जोडी त्याच दिवशी घेऊन ठेवीन. सध्या रोज रात्री ऐकून झाले की पॅड कोरड्या सुती फडक्याने पुसते आणि हेडफोन खिडकीपासून दूर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते. ऑगस्ट संपत आला आहे आणि अभ्र्यावर अजून काळे काही दिसलेले नाही.