काळा दगड, काळा कुत्रा आणि माझे 10,400 रुपये

आमचा शंभू नखशिखान्त काळा होता, हे आधीच सांगतो, कारण पुढची सारी फसवणूक याच एका गोष्टीवर उभी राहिली. 13 वर्षे घरात वावरलेला हा जीव मे महिन्यात गेला. येळ्ळूर शिवारातल्या आमच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली, त्याला पुरले आणि तिथे त्याचा चेहरा कोरलेला एक फुटी काळा ग्रॅनाइट बसवावा असे मुलीने सुचवले. पाळीव प्राण्यांचे फोटो लेझरने दगडावर कोरून देणाऱ्याची जाहिरात मोबाईलवर आलीच होती. मी फोन लावला आणि पलीकडून स्वच्छ मराठीत "बोला काका" असे ऐकू आले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्यांचे आयुष्य गेले नाही त्यांना या दोन शब्दांचे वजन कळणार नाही. कचेरीतला प्रत्येक कन्नड कागद दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत आपुलकीने बोलणारा आपलाच वाटतो. मी 29 वर्षे सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो. फसलो तो अडाणीपणामुळे नव्हे, तर घरात दुःख असताना कोणी "काका" म्हटले म्हणून.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. नोंदणीचे 1,000, फोटो तयार करण्याचे 2,850, दगडाचे 4,500, मग "काका, कुत्रा काळा, दगडही काळा, त्यामुळे खास निगेटिव्ह काढावी लागेल" म्हणून 1,200 आणि शेवटी कुरिअरचे 850, असे पाच वेळा मिळून 10,400 रुपये मी यूपीआयने पाठवले. पाचही वेळा त्याने दिलेले कारण ऐकायला खरे वाटत होते, कारण त्यात अर्धे सत्य होतेच. लेझर ग्रॅनाइटला रंग देत नाही. पॉलिश केलेल्या पृष्ठावरचे बारीक कण तो फोडतो आणि तेवढी जागा पांढुरकी दिसते. म्हणजे दगडावर जे उजळ दिसायला हवे तेच कोरायचे आणि काळे तसेच सोडायचे. त्यामुळे काळ्या कुत्र्याचा फोटो जसाच्या तसा यंत्रात घालून भागत नाही. मागची पार्श्वभूमी कापून टाकावी लागते, फोटो करड्या छटांत आणून केसांवरची चमक, डोळ्यातला उजेडाचा ठिपका आणि नाकाची ओल वर काढावी लागते आणि कानांच्या कडेने किंचित उजळ रेघ ठेवावी लागते, नाही तर दगडात कुत्रा विरघळून जातो. त्यानंतर यंत्राला समजावे म्हणून करड्या छटांचे ठिपके करतात. निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे केलेला फोटो, लागते हेही खरे. पण फोटोशॉपमध्ये ती कंट्रोल आणि आय या दोन कळा एकत्र दाबल्या की होते, आणि काही यंत्रांचे सॉफ्टवेअर तेही स्वतःच करते. त्या दोन कळांचे माझ्याकडून 1,200 रुपये घेतले गेले.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की अजूनही रात्री झोप उडते. चौथा हप्ता भरल्यावर त्याने "दगड तयार झाला" म्हणून एक फोटो पाठवला. शंभू अगदी हुबेहूब होता, डाव्या कानाची फाटलेली कडसुद्धा दिसत होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी मात्र मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, यात फोटो काढणाऱ्याचा हात दिसत नाही." पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आरशासारखा असतो, त्याचा समोरून फोटो काढला की त्यात मोबाईल, बोटे, खिडकी, डोक्यावरची ट्यूबलाइट असे काहीतरी उमटतेच. त्या फोटोत काहीच नव्हते, कारण तो दगडाचा फोटोच नव्हता, संगणकावर जोडलेले चित्र होते. मुलीला हे दिसले आणि मी तिला म्हणालो, "तू उगाच शंका काढतेस." असे मी का म्हणालो? कारण 9,550 रुपये जाऊन बसले होते आणि शंभूचा चेहरा मला हवा होता. त्याच संध्याकाळी मी कुरिअरचे 850 पाठवले. तुम्ही असे करू नका. दगडावर आपले नाव लिहिलेला कागद ठेवून, दगड हलवत व्हिडिओ काढून मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

3 जूनला पार्सल आले. दगडावर शंभू नव्हता, त्याचे भूत होते. फोटो न उलटवताच कोरल्यामुळे काळे अंग पांढरेफटक झाले होते आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका तेवढा काळा राहिला होता. मुलीने तो दगड मागच्या दारी भिंतीला उलटा टेकवून ठेवला. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा दगडाखालच्या फरशीवर काळे ओघळ उतरले. खानापूर रोडवर दगडकाम करणारे एक कारागीर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे तो नेला. त्यांनी मागच्या बाजूला लिंबू पिळले, बारीक फेस आला, आणि ते म्हणाले, "साहेब, हा कडप्पा हाय की." कडप्पा हा चुनखडीचा दगड, म्हणून लिंबाने फसफसतो; ग्रॅनाइट फसफसत नाही. वरून काळा रंग चोळून तो मला ग्रॅनाइटच्या भावाने विकला होता. पैसे देण्याआधी रुमालाला थोडे थिनर लावून दगड पुसा, रुमाल काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. फोटोसुद्धा माझ्या व्हॉट्सॲपवरचा आकसलेलाच वापरला होता. एक फुटाच्या कामाला इंचाला 300 ठिपके धरले तर एका बाजूला 3,600 ठिपके असलेला फोटो लागतो, म्हणून मूळ फोटो नेहमी डॉक्युमेंट करून पाठवा.

मग तक्रारीच्या फेऱ्या सुरू झाल्या. जवळच्या ठाण्यात मराठीतला अर्ज घेतला नाही. बाहेरच्या लेखनिकाला 150 रुपये देऊन तो कन्नडमध्ये लिहून नेला, तेव्हा "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली" असे ऐकवले आणि "नाळी बर्री" म्हणजे उद्या या, असे सांगून तीन दिवस फिरवले. चौथ्या दिवशी कळले की पार्सलवर कोल्हापूरचा पत्ता असल्याने प्रकरण आपल्या हद्दीतले नाही. मी एसटीने कोल्हापूर गाठले. तिथे सांगितले की तुम्ही बेळगावचे, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडेच जा. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. पण एका म्हाताऱ्या माणसाचा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा एवढे तरी दोन राज्यांच्या पोलिसांना ठरवता येऊ नये, याचा मला संताप येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. हे मला नंतर कळले. तुम्ही ते कागदावर लिहूनच घेऊन जा. बँकेनेही "तुम्हीच पिन टाकला" एवढ्या एका वाक्यात माझी बोळवण केली. संशय आला त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधीच अडवता येतात. मी या फेऱ्यांत 9 दिवस घालवले आणि तोवर ते खाते रिकामे झाले होते.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या कायद्याने ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. विरुद्ध बाजूला पाठवलेली नोटीस "या पत्त्यावर कोणी राहत नाही" या शेऱ्यासह परत आली असून नवा पत्ता देण्यासाठी मला मुदत मिळाली आहे. परवा मुलीने स्वतःच्या मोबाईलवरून तोच नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला आणि उत्तर आले, "बोला ताई."