स्प्लेंडरला घरी केलेले साईड डबे: नऊ महिने आणि साडेसात हजार किलोमीटरनंतर

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबे गाडीला बसले, दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर त्यांनाही हार घातला, आणि आता जुलै संपत आलाय. तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं एक उन्हाळा आणि निदान अर्धा पावसाळा जाऊ दे, नवीन असताना सगळंच चांगलं वाटतं. आता ७,५०० किलोमीटर झाले, त्यात कोल्हापूर ते कणकवली राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट मार्गे महिन्यातनं दोन खेपा, बाकी रोजची ड्युटी. तीन गोष्टी मोडल्या, तिन्ही दुरुस्त केल्या, आणि शेवटच्या दुरुस्तीनंतर काही काढघाल करावी लागलेली नाही.

गरज का पडली ते सांगतो. आई गावी एकटी असते. तिची बीपी-शुगरची महिन्याची औषधं, गूळ, घाटावरची भाजी, कधी मिक्सरचं भांडं, कधी बॅटरीचं पाणी असं काही ना काही दर खेपेला न्यायचं असतं, आणि येताना नारळ, उकडा तांदूळ, कुळीथ, सोलं. पूर्वी मी सीटवर सॅक ठेवून बंजी कॉर्डनं आवळायचो. मागच्या पावसाळ्यात फोंडा घाट उतरताना एका वळणावर हूक सुटला, सॅक गटारात, आणि वर काढेपर्यंत औषधाच्या पाकिटात पाणी गेलेलं. स्ट्रिपमधल्या गोळ्या वाचल्या पण बाटलीतल्या सगळ्या फुगल्या. त्या दिवशी रविवार, मेडिकल बंद, आईला दोन दिवस गोळी मिळाली नाही. ते मला फार लागलं. तिथंच ठरवलं की सामान बांधायचं नाही, सामानाला जागा करायची.

बाजारात बघितलं तर ॲल्युमिनियमचे चांगले साईड बॉक्स स्टँडसकट वीस हजाराच्या पुढं, ते पण मोठ्या गाड्यांसाठी. कापडी सॅडल बॅगा स्वस्त आहेत पण शंभर सीसीच्या गाडीवर उजवीकडं सायलेन्सर इतका जवळ येतो की मनात धाकधूक राहते.

मग एकदा सकाळी दूध घालायला येणाऱ्या मामांच्या गाडीकडं नीट बघितलं. चाळीस-चाळीस लिटरच्या दोन किटल्या, रोज खड्ड्यातनं, वर्षानुवर्षं, आणि फ्रेम म्हणजे नुसती सळई आणि पट्टी. त्यांनी गाडी स्टँडवर लावून दाखवलं. किटली कडीत अडकवलेली दिसते, पण तिचं वजन खाली आडव्या पट्टीवर टेकलेलं असतं. कडी फक्त ती बाहेर पडू नये म्हणून. मामा म्हणाले, "टांगलेलं वजन हलतंय, बसलेलं वजन हलत नाही." पूर्वी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूला गोण्या टाकून घाट चढायचं, त्यातही हाच हिशोब, दोन्हीकडं सारखं आणि अंगाला चिकटून.

डब्यासाठी मी २० लिटरचे जाड निळे प्लास्टिक कॅन घेतले, भंगारवाल्याकडं १२० रुपयाला एक, भांडी घासायच्या लिक्विडचे. कॅन घेताना तळाशी त्रिकोणात २ आकडा बघा, म्हणजे एचडीपीई जातीचं चिवट प्लास्टिक, ते थंडीवाऱ्यात लवकर तडकत नाही. ॲसिडचा किंवा शेतीच्या औषधाचा कॅन कितीही धुवून देतो म्हटलं तरी घेऊ नका, आपण त्यात खायचं ठेवणार. माझे साबणाचे होते तरी फेस जायला आठ-दहा पाणी लागली.

कापायला हॅक्सॉचं पान पुरतं. मी कॅनच्या खांद्याखाली चार बोटं सोडून गोल कापला, म्हणजे हँडल आणि बूच असलेला वरचा भाग झाकण झाला आणि खालचा भाग डबा. पहिला कॅन घाईत वाकडा कापला, तो वाया गेला. दुसऱ्या वेळी कॅनला भोवती सुतळी बांधून तिच्या कडेनं मार्करनं रेघ मारली, तेव्हा सरळ आला. मागच्या बाजूला दोन बिजागऱ्या, पुढं पत्र्याच्या पेटीला असतात तसले दोन टॉगल लॅच, कडेला कारच्या दरवाज्याला लावतात ते रबर बीडिंग. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, या प्लास्टिकला एम-सील, फेव्हिक्विक, काहीच धरत नाही, महिनाभरात अख्खी पापडी निघून हातात येते. नटबोल्ट किंवा रिव्हेटच लागतो.

फ्रेम उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपच्या भागात, करून घेतली. पाऊण इंची चौकोनी पाईप आणि २५ बाय ३ ची पट्टी. वरचा टेकू शॉकअपच्या वरच्या बोल्टला, पुढचा मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला, आणि डबा बसायला खाली पाटासारखा चौकोन. चॅसीला कुठंही वेल्डिंग केलेलं नाही आणि करूही देऊ नका. गाडीवर फक्त टाके मारून घेतले, म्हणजे पाईप जागेवर धरण्यापुरते वेल्डिंगचे ठिपके, त्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, मग फ्रेम उतरवून बाकावर पूर्ण वेल्डिंग. रेड ऑक्साईड आणि वर काळा ऑईल पेंट मी घरी मारला. डावीकडं साडीगार्ड तसाच ठेवलाय, डबा त्याच्या बाहेर बसतो. उजवीकडं सायलेन्सरपासनं चार बोटं वर, आणि मध्ये पत्र्याचा एक तुकडा आडवा, कारण गरम वाफ सरळ प्लास्टिकला लागू नये.

आता काय काय मोडलं ते.

पहिलं डिसेंबरात. दाजीपूरच्या जंगलाचा पट्टा, संध्याकाळची वेळ, गवे रस्त्यावर येतात म्हणून हळूच चाललो होतो, आणि मागनं टक-टक-टक आवाज यायला लागला. थांबून हात लावला तर डावी फ्रेम वरच्या वेल्डिंगशेजारी चिरलेली, केसाएवढी चीर, डबा दाबला की उघडायची, सोडला की मिटायची. बाइंडिंग वायर होती म्हणून बांधून कसाबसा पोचलो. सोमवारी उद्यमनगरात परत दाखवली तर मिस्त्री म्हणाले, "दादा, दोन्ही फ्रेमा वेगवेगळ्या लोंबत्यात, एकमेकाला धरून कुठं हायत? मधनं बांधा." म्हणजे खड्ड्यात प्रत्येक डबा आपापला आतबाहेर हलत होता आणि सगळा ताण त्या एका जोडावर येत होता, तोही जोड मी नेमका पट्टी वाकवली तिथंच घ्यायला सांगितला होता. मागच्या मडगार्डखालनं डावी-उजवी जोडणारा एक आडवा पाईप टाकला आणि जोड वाकापासनं दोन इंच लांब घेतला. ३०० रुपये लागले. तेव्हापासनं उसाच्या सीझनमध्ये भोगावतीकडचा उखडलेला रस्ता, घाटातले खड्डे, सगळं झालं, चीर नाही. कुणी हे करणार असेल तर आडवा पाईप पहिल्याच दिवशी टाका, हे मी अगदी मनापासनं सांगतोय. डबा कसलाही चालेल, पत्र्याचा घ्या, लाकडाचा घ्या, पण दोन्ही फ्रेमा एकमेकाला धरून पाहिजेत.

दुसरं फेब्रुवारीत. डबा मागं सरकू नये म्हणून फ्रेमला चार बोल्टनी धरला होता, त्या भोकांभोवती प्लास्टिक फाटायला लागलं. वायसर छोटे होते, चवलीएवढ्या जागेवर सगळा झटका. आतनं ॲल्युमिनियमची पट्टी टाकली, वीतभर लांब, चारही बोल्ट तिच्यातनं घेतले, आणि साधे नट काढून नायलॉन रिंगवाले लॉकनट लावले. साधे नट मी आधी दर आठवड्याला आवळत होतो, लॉकनट लावल्यापासनं पाच महिन्यात एकदाच पाना लावला, तोही बघण्यासाठी.

तिसरं पाणी. झाकण आणि डबा एकाच कॅनचे, म्हणजे दोन्ही कडा बरोबर एकावर एक, वरनं काहीच झाकत नाही, बीडिंग असलं तरी जोराच्या पावसात आत ओल. जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीत तळाला वाटीभर पाणी. यावर उपाय आपल्या घराच्या वळचणीवरनं सुचला. पंक्चरवाल्याकडनं टेम्पोची जुनी ट्यूब आणली, तीन बोटं रुंद पट्टी कापली आणि झाकणाच्या कडेला बाहेरनं रिव्हेट मारून सभोवती लोंबती सोडली. आता पाणी कौलावरनं पडावं तसं पट्टीवरनं खाली जातं, फटीपर्यंत पोचतच नाही. तळाला बाहेरच्या कोपऱ्यात एक छोटं भोकही आहे, आतल्या बाजूला पाडू नका, चाकाचा चिखल त्यातनं वर येतो. त्यानंतर गगनबावड्याला धो धो पावसात जाऊन आलो, आतला टॉवेल कोरडा. तरी औषधं मी अजून प्लास्टिकच्या घट्ट बरणीतच ठेवतो, तिथं मला धोका घ्यायचा नाही. बूच काढायचं नाही असं आधी ठरवलं होतं पण ओले कपडे टाकले की तेच उघडं ठेवतो, वाफ कोंडत नाही.

चालवताना फरक पडतो, नाही असं नाही. वळणावर गाडी उठायला थोडी जड वाटते आणि साठच्या पुढं बाजूचा वारा लागतो. एका डब्यात सात-आठ किलोच्या वर मी भरत नाही, म्हणजे सोललेले बारा नारळ, आणि दोन्हीकडं सारखं. एकदा एकीकडं गूळ आणि दुसरीकडं नुसती मेथी होती तर हँडल सतत एका बाजूला ओढल्यासारखं, राधानगरीत थांबून गूळ वाटून घेतला तेव्हा बरं वाटलं. जड सामान तळाला. मागच्या टायरमध्ये डबलसीटची हवा, आणि शॉकअप पाच स्टेपचा आहे तो दोन स्टेप वर. ॲव्हरेज ६२ वरनं ५९ वर आलंय.

मे महिन्यात यातनंच हापूस आणला, पेंढ्यात दोन थर, वर सुती कापड. खालच्या थरातले दोनच डागी निघाले. सीटवर बॉक्स बांधून आणायचो तेव्हा पाव पेटी तरी मऊ व्हायची.

एक खोट राहिलीच आहे, रुंदी. स्प्लेंडरची कंपनीच्या मापानं रुंदी ७२० मिलीमीटर आणि माझे डबे बाहेरनं बाहेर ७४० भरले, म्हणजे हँडलपेक्षा एकेक सेंटीमीटर बाहेर. ऐकायला काही नाही, पण जिथं हँडल निघतं तिथं आपण निघतो ही सवय अंगात मुरलेली असते. बाजारात एका ट्रॉलीला उजवा डबा घासला, नुसता ओरखडा आला पण पोटात गोळा आला. २० लिटरमध्ये थोडे चपटे कॅन पण मिळतात, ते शोधा. दोन्ही डब्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टर टेप लावलाय आणि इंडिकेटर दोन इंच मागं घेतले, कारण डब्याआड झाकले जात होते. नंबर प्लेट आणि टेललाईट पूर्ण दिसलीच पाहिजे. मागं सीटवर किंवा सीटच्या मागं डबा करणार असाल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२० साली माप ठरवून दिलंय, लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलीमीटरच्या आत, आणि मागच्या माणसाच्या जागेवर ठेवला तर गाडीवर चालवणारा एकटाच. माझ्या डब्यांसकट मागं माणूस बसू शकतो, पाय ठेवायला फूटरेस्ट मोकळा आहे, पण लांबच्या प्रवासाला पोटरी डब्याला लागते अशी बायकोची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

खर्च पहिल्यांदा २,५६० झाला, वाया गेलेला कॅन धरून, आणि नंतरच्या दुरुस्त्या, टेप वगैरे ५८०. एकूण ३,१४०.

पहिल्यांदा गावी नेले तेव्हा आई खळ्यात येऊन बघत राहिली, "ह्यां काय रे बांधलंस गाडयेक?" आता गाडी थांबली की तीच लॅच उघडते, डावीकडचा आधी, कारण औषधाची बरणी त्यातच असते हे तिला माहीत झालंय. डाव्या डब्याची ट्यूबची पट्टी उन्हानं एका कोपऱ्यात कडक व्हायला लागलीय, नवीन तुकडा पंक्चरवाल्याकडनं आणून ठेवलाय, चतुर्थीला गावी जायच्या आधी बदलून घेतो.