जीन तपासणी घरून द्या, प्लेटलेटची देऊ नका

लॅबच्या घरपोच रक्त तपासणी पॅकेजला पाचपैकी तीन तारे. तिन्ही जीन तपासणीचे.

मार्चमध्ये बाबांना झटका आला, कोल्हापुरात बायपास झाली. नंतर ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं बघून माझे हातपाय गळाले. सर्जननी समजावलं की हृदय थांबवून काम केलं की ते सगळ्यांचंच वाढतं, किती वाढलं ते महत्त्वाचं. हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरताना प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, चवताळतात, आणि कोणाच्या किती चवताळतात हे थोडंफार आईवडिलांकडूनच आलेलं असतं. गावी जामसंड्याला परतलो ते प्लेटलेटना आवरणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, घेऊन.

क्लोपिडोग्रेल गिळली म्हणजे झालं असं नाही. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाच्या रूपात आणतं. त्याच्या जीनमध्ये 'स्टार टू' हा बदल असेल तर गोळीचा जोर कमी पडतो, आणि आपल्या लोकांत हा बदल बराच आढळतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१० मध्येच या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. म्हणून एका मोठ्या लॅबचं 'जीन अधिक प्लेटलेट क्रिया' पॅकेज घेतलं.

लॅबचा मुलगा सकाळी नऊला दारात हजर. उपाशीपोटी राहायची गरज नव्हती, एकाच टोचण्यात काम झालं, हात हलका. जांभळ्या झाकणाची बाटली जीनसाठी, निळ्या झाकणाची प्लेटलेटसाठी. दोन्ही बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला.

घोळ इथेच झाला. जीन तपासायला डीएनए लागतो, तो प्रवासात टिकतो. प्लेटलेटची क्रिया मात्र रक्त काढल्यापासून काही तासांतच बघावी लागते. आपण मासे बर्फात ठेवतो ते टिकावेत म्हणून. प्लेटलेट बर्फात ठेवल्या की बिघडतात. तरी दोन्ही रिपोर्ट एकसारख्याच ऐटीत व्हॉट्सअ‍ॅपवर आले. जीनमध्ये स्टार टूची एक प्रत, म्हणजे 'इंटरमीडिएट मेटाबोलायझर', एन्झाइम अर्धवटच काम करणारा. आणि प्लेटलेटची क्रिया 'कमी', म्हणजे गोळी उत्तम लागू पडतेय! नमुना किती तासांचा शिळा होता, याचा त्यावर एक शब्द नाही. मी तेवढ्यावर निर्धास्त राहिले असते तर? हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला आणि हॉस्पिटलमध्येच ताजं रक्त काढून तपासलं. प्लेटलेट चांगल्याच जाग्या होत्या, म्हणजे गोळी पुरेशी लागू पडत नव्हती. क्लोपिडोग्रेल बंद करून त्याच कामाची टिकाग्रेलॉर दिली. तिला त्या एन्झाइमची वाट बघावी लागत नाही. ती दिवसातून दोनदा घ्यायची, दम लागला किंवा कुठून रक्त आलं तर लगेच कळवायचं. आधी बाबा अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत होते, तीही त्याच एन्झाइमला अडवते. हे आम्हाला तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

लॅबला फोन केला. पैसे परत नाहीत, पण 'पुन्हा घरी येऊन नमुना नेतो' म्हणाले. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "गो बाय, माका परत टोचतले काय?" मी नको सांगितलं.

देवगड, मालवण, राजापूरकडच्यांनी पॅकेज न घेता नुसती जीन तपासणी मागा. आयुष्यात एकदाच करायची असते. प्लेटलेटची क्रिया जिथे मशीन आहे तिथे जाऊनच करा. बाबांची ती प्रत माझ्याकडे किंवा दादाकडे आली असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही दोघंही रक्त देतोय. फक्त जांभळ्या झाकणाची बाटली.